नमुन्याचे दात

नॅथनला मुलगी झाली आणि त्याच्या बहिणीचं, कृपाचं, लग्न ठरलं, ते दोन हजार तेवीस साल. श्रीरामपुरात दातांच्या दवाखान्यात कृपा तोंड उघडून खुर्चीत पडली होती.

"पुढचा दात लांबीच्या ऐंशी टक्के रुंद असला की डोळ्याला बरा दिसतो," डॉक्टर सविता सांगत होत्या. "तुझे आखूड आहेत, त्यात मधे फट. फट बुजवायची तर लांबीही वाढवावी लागेल. आज नुसता नमुना चिकटवते. घरी दाखव. पसंत पडला तर सोमवारी तुझे दात थोडे तासून वर कायमची कवचं बसवू. तासलेला दात परत येत नाही, बरं का."

सोबत आलेली होणारी नणंद जया म्हणाली, "अगं, फोटोत कसली दिसशील! आता तोंडावर हात धरायला नको."

आरसा पाहून कृपाही हरखली.

घरी तिचे वडील, योसेफ, ओट्यावर बसले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांचं विसरणं वाढत गेलं होतं. नॅथनला ते कधी भाऊ समजत, कधी साहेब. कृपाला ओळखायला मात्र चुकत नसत.

"पप्पा, बघा की," ती हसली.

योसेफ लगबगीनं उठले, उपरण्यानं खुर्ची पुसली. "बसा बाई. कृपा येईलच आता. बालवाडीत शिकवती ती."

"पप्पा, मीच हाय."

"व्हय, व्हय," ते भिडेनं म्हणाले आणि रस्त्याकडे पाहत राहिले.

कृपानं चहा पुढे केला. त्यांनी चहा घेतला नाही. "पोरगी आली की घेऊ." जेवायला बसेनात, गोळीही तिच्या हातून घेईनात. हे दातांनी झालं की विसरण्याच्या दुखण्यानं, तिला काही कळेना. तिनं जयाला फोन लावला.

"व्हईल गं सवय त्यांना."

"आन न्हाई झाली तर?"



दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताच कृपानं नमुना काढून घेतला. घरी आली तर योसेफ तिच्यावरच खेकसले, "कुठं गेल्तीस? एक बाई येऊन बसली हुती. रडत हुती बिचारी. तिला जेवू घालायचं राह्यलं बघ."

"येईल परत," कृपा म्हणाली. त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला.

सोमवारी ती दवाखान्यात गेली नाही. जयानं महिनाभर अबोला धरला. दिवाळीनंतर योसेफ कृपालाही बाई म्हणू लागले.

लग्नाआधीच, त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे योसेफ वारले.