उष्टं सारण

अमेरिकेत, आयोवातल्या सीडर रॅपिड्सला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात शरयू दोन गोष्टी शिकली: बर्फात गाडी चालवणं आणि चेक पद्धतीचे कोलाचे भाजणं. गाडी नवऱ्याने, श्रीरामने शिकवली आणि ते तो भेटेल त्याला ऐकवत असे. कोलाचे शेजारच्या लिबी कोपेकींनी शिकवले, आणि त्या मात्र ते कुणाला सांगत बसल्या नाहीत.

लिबी सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याच राहणाऱ्या. जन्म आयोवातलाच, पण घर आजोळच्या चेक वळणाचं. "मला लिबी म्हण," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला शरयूची जीभ रेटेना, म्हणून त्या लिबीमावशी झाल्या.

कोलाचा म्हणजे तळहाताएवढा मऊ, गोड पाव. मधे बोटांनी खळगा करायचा, त्यात सारण भरायचं आणि वरून लोणी, साखर, मैद्याचा चुरा भुरभुरायचा. शरयूने पहिल्या खेपेला पोळ्यांना मळतात तशी घट्ट कणीक मळली, आणि सारण उघडं कसं ठेवायचं म्हणून करंजीसारखं तोंड बंद करून टाकलं. लिबीमावशी डोळे पुसेपर्यंत हसल्या. पुढे तिचा हात बसला. अंडं चालत नसल्यामुळे भाजलेला कोलाचा तिने कधी तोंडात घातला नाही, पण करायची हौस मात्र दांडगी.

पुढचा वसंत आला तेव्हा प्रकरण हौसेपुरतं राहिलं नाही. चर्चच्या जत्रेत खसखशीच्या कोलाच्यांचं टेबल वर्षानुवर्षं लिबीमावशींचं. आता संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, आणि जत्रेची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस डोलेझल फार गोड आवाजात सुचवत होत्या की यंदा दुकानातलं डबाबंद सारण आणू, टेबल तरुण बायकांकडे देऊ.

"तिला वाटतंय मी संपले," लिबीमावशी म्हणाल्या.

"मळणं, वाटणं माझ्याकडे," शरयू म्हणाली. "टेबल तुमचंच राहील."

बोलून तर बसली. जत्रेच्या आदल्या सकाळी लिबीमावशींच्या शेगडीवर काळ्या खसखशीचं सारण रटरटत होतं. लिबीमावशींनी चमचा बुडवला, चाटला, मान हलवली, साखर घातली, आणि तोच चमचा पुन्हा पातेल्यात घातला.

शरयूच्या माहेरी नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाची चव बघायची नाही. आईला मीठ कमी की जास्त हे नुसत्या वासावरून कळायचं. हिवाळाभर तिने या चाटण्याकडे कानाडोळा केला होता, कारण ते कोलाचे लिबीमावशी स्वतःच खात. पण हे तर अख्ख्या गावाला वाढायचं होतं. उष्टं वाढायचं? "गार करून आणते," असं म्हणून तिने पातेलं घरी नेलं आणि गुपचूप कचऱ्यात रिकामं केलं. लिबीमावशींनी शिकवणीच्या सुरुवातीला दिलेला खसखशीचा डबा तिच्या शेगडीवरच्या कपाटात होता. त्यातली वाटून तिने नवं सारण शिजवलं. चव बघण्याचा अर्थातच प्रश्न नव्हता. लिंबाच्या सालीचा वास छान आला होता.

दुपारी पहिला ट्रे भाजून निघाला. लिबीमावशींनी एक कोलाचा तोडला, सावकाश चावला आणि उरलेला बशीत ठेवला.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी नव्हतं."

खसखशीत तेल फार. शेगडीच्या धगीवर हिवाळाभर राहून खवट झाली होती. चिमूटभर दाताखाली धरली असती तरी कळलं असतं. शरयूला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. मावशींचं टेबल आपल्याच सोवळ्याने बुडालं, हे तिला लख्ख दिसत होतं. तिने सगळं सांगून टाकलं. उष्टं म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना तर तिची पुरती त्रेधा उडाली.

"एकाचं तोंड लागलेलं दुसऱ्याला देत नाहीत. देवाला नाही, पाहुण्याला तर नाहीच. तुमचा अपमान करायचा नव्हता, मावशी."

लिबीमावशी म्हणाल्या, "माझी आई उलट म्हणायची. जे आपण जिभेवर ठेवलं नाही, ते लोकांना कुठल्या तोंडाने द्यायचं?"

त्या उठल्या. कणीक अजून पुष्कळ उरली होती, फ्रीझरमध्ये ताजी खसखस होती. त्यांनी खण उघडून घरातले होते नव्हते तेवढे चमचे काढले, लग्नातले चांदीचेसुद्धा, आणि शेगडीशेजारी रांगेने मांडले.

"एकदा तोंडात गेलेला परत आत जाणार नाही. चालेल तुझ्या देवाला?"

शरयूने मान डोलावली. तिने खसखस दाताखाली धरून पाहिली, मग वाटली, दुधात शिजवली. लिबीमावशींनी एक चमचा भरून घेतला, अर्धा चाटला आणि त्या सिंककडे वळल्या. शरयूने तो त्यांच्या हातातून घेतला आणि उरलेलं सारण खाऊन टाकलं. असं उष्टं तिने आजवर फक्त आईचं खाल्लं होतं.

"साखर थोडी कमी पडलीय," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं," लिबीमावशी म्हणाल्या. "पण म्हटलं, तू काय म्हणतेस बघू."

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत टेबलावर नुसता चुरा राहिला होता. मिसेस डोलेझल कौतुक करायला आल्या आणि जाता जाता त्यांनी, त्याच गोड आवाजात, "पुढच्या वर्षीचं काय, लिबी?" असं विचारून पाहिलं.

लिबीमावशी ट्रे पुसत होत्या. त्यांनी हनुवटीने शरयूकडे खूण केली.

"तिला विचार. चव आता ती बघते."