गवती चहाचं तेल

“हुंग की गं नीट!” पदर मागे सारून गुणवंतीने कपाळ सखुबाईच्या नाकाशी नेलं.

बाजारात तिच्या शेजारी मासळी विकणारी सखुबाई हुंगून फिस्सकन हसली. “बाय माजे, चहाचा वास येतंय. दूध घालू का?”

गुणवंतीही हसली. उन्हातान्हात हिंडून तिच्या कपाळावर फोड उठला होता. तो फुटून जखम झाली. भरता भरेना, वर घाण वास यायचा. फणसवाडीतलं तिचं जुनं गिऱ्हाईक कमलाकांत रिटायर झाल्यापासून घरात गवती चहा उकळून तेल काढायचे. त्यांनीच तिला तेलाची बाटली दिली होती. “बघ तू, एक दिवस डॉक्टर कॅन्सरवर हेच लावतील!”

“तोवर माझी सगळी पातेली जाळा,” त्यांची बायको सरोजिनीबाई म्हणाल्या होत्या.

कोळणीचा हिशेब सरळ. मासा नासला की नाक सांगतं. वास गेला म्हणजे जखम बरी. आरसा बघायला वेळ कोणाला? पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत गुणवंती तेल चोपडत राहिली. मग एका सकाळी भर बाजारात कपाळावरून रक्त ओघळलं. सखुबाईने तिला हाताला धरून ओढत परळच्या इस्पितळात नेलं. वाटेत संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आडवा आला, त्यातूनच दोघी घुसल्या.

डॉक्टरांनी जखम पाहिली. “कॅन्सर आहे, बाई. तेलाने नुसता वास दबला. आत हाडापर्यंत गेलंय.”

“मंग आता?”

“कापून बघू. पण फार उशीर केलात.”

गुणवंती डॉक्टरांच्या कोटाचं तुटलेलं बटण बघत राहिली. रडू येईना, राग येईना. बाहेर सखुबाईने हंबरडा फोडला तेव्हा म्हणाली, “गप गं. तिकडं मासळीवरचा बरफ पानी झाला असंल.”

इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशी ती फणसवाडीत गेली. पदर कपाळावर पुढे ओढलेला. कमलाकांत दारातच उभे.

“काय गं, गेला का वास?”

“गेला रं भाय. बेस हाय तुजं तेल.”

“ऐकलंस, सरोजिनी? आता हस!” म्हातारा पोरासारखा आत पळाला, नवी बाटली घेऊन आला. गुणवंतीने ती दोन्ही हातांनी घेतली, टोपलीत नीट उभी ठेवली.

“सरंगा कापू का अख्खा देऊ?”

“काप,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

गुणवंती उंबऱ्याशी बसली, मासळी कापायचा कोयता पायाखाली धरला. तुकडे अगदी एकसारखे पडले.