गुरुवारचा बाक

गुरुवारी सहा ते सात इमारतीतल्या बायकांची सॉनाची, म्हणजे तळघरातल्या वाफेच्या खोलीत बसायची वेळ. तळघराच्या दारावरच्या वेळापत्रकात आनेलीचं नाव अजून होतं. तिला जाऊन चार दिवस झाले होते.

तिची मुलगी मारेत्ता नोकरीच्या गावाहून, ओउलूहून आली होती, ती आईच्या स्वयंपाकघरात बसून होती. रडली नव्हती. कपबश्या मात्र दोनदा पुसून झाल्या होत्या.

वडील, ताइस्तो, कोठडीत होते. आनेली तळघराच्या पायऱ्यांवरून घसरली, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांना तिच्या फासळ्या पूर्वीही मोडून जुळलेल्या दिसल्या. पण हाड काही मोडणाऱ्याचं नाव सांगत नाही. उद्या दुपारपर्यंत साक्षीदार मिळाला नाही तर ताइस्तो सुटून घरी येणार, हे तपास अधिकारी रिन्नेबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी सकाळपासून प्रत्येक दार वाजवलं. प्रत्येक घरात कॉफी मिळाली, आणि उत्तर एकच, "आम्हाला काही कल्पना नाही."

समोरच्या सिर्क्कामावशी मासे भरलेला, राय नावाच्या धान्याचा पाव घेऊन आल्या.

"खा गं पोरी. तुझी आई म्हणायची, सिर्क्का, यापेक्षा दगड मऊ. तरी खा."

"मावशी, आईच्या पाठीवरचे वळ तुम्ही पाहिलेत."

मावशींनी सुरी खाली ठेवली. "सॉनात चर्चमध्ये बसावं तसं बसायचं. तिथलं उघडं अंग तिथेच राहतं. बाहेर बोललं तर उद्या कोण कोणासमोर कपडे उतरवेल?"

"इतकी वर्षं?"

"तू नव्हतीस बाकावर?"

मारेत्ता होती. नवव्या वर्षापासून, बायकांच्या मधोमध. आईने पाठ वळवली की कोणीतरी म्हणे, "टाक गं पाणी," आणि मारेत्ता तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतायची. वाफ उठायची, पाठ दिसेनाशी व्हायची. याला त्या सगळ्या सभ्यपणा म्हणत. पुढे नोकरीच्या गावाहून ती सुट्टीला यायची, बाकावर बसायची. मग कोणी सांगण्याचीही गरज उरली नव्हती. मारणारा हात एक होता. वाफ सगळ्यांनी मिळून केली होती.

ती उठली, कोट चढवला.

"कुठे?"

"पोलीस चौकीत."

"सख्ख्या बापाविरुद्ध? उद्यापासून या जिन्यात तुझ्याशी कोणी बोलणार नाही हं."

"आत्ता तरी कोण बोलतंय, मावशी?"

चौकीत रिन्नेबाईंनी आधी नियम सांगितला, "मुलीवर वडिलांविरुद्ध बोलायची सक्ती नाही. नाही म्हणालात तरी चालेल."

"माहीत आहे."

"ते वळ कोणाकोणाला दिसले, नावं हवीत."

मारेत्ताने बाकावरच्या जागा आठवत नावं सांगितली. भिंतीकडून दाराकडे, पाच जणी. तिचा आवाज सपाट होता, जणू दुसऱ्याच कोणाच्या घराबद्दल सांगत होती.

"पहिलं कोणाचं लिहू?"

"माझं. तेव्हा नऊ वर्षांची होते, तेही लिहा," ती म्हणाली. "आणि गेल्या नाताळात छत्तीस वर्षांची होते. तेही."