माझ्या हातचा चव्वेचाळीस

ताडपत्रीची तीन टोकं मी विटांखाली दाबली, पण चौथं काही केल्या राहीना. कॅन्ससमधला ऑक्टोबरचा वारा, त्याला विटेचं काय. शेवटी त्या टोकावर एक जुनी बॅटरी ठेवली आणि मागं सरून पाहिलं. गाडी झाकली गेली होती. दहा वाजता मर्विन उनरू येणार होता, आणि काही झालं तरी ही गाडी त्याच्या नजरेला पडू द्यायची नव्हती. तिला चाकं नव्हती आणि माझी क्रेन सकाळीच दुसऱ्या अपघाताला गेली होती, म्हणून ही ताडपत्री.

त्याचा मुलगा गॅरेट मंगळवारी हायवेवरच्या अपघातात गेला. हरीण आडवं आलं, गाडी नाल्यात उलटली. मोडक्या गाड्या ओढून आणायचं काम या भागात माझंच. माझ्या भंगाराच्या यार्डात आणून उतरवेपर्यंत गाडी कोणाची ते मला माहीत नव्हतं. मग मागच्या सीटखाली बुटांची हिरवी पिशवी सापडली. तिच्यावर आकडा होता चव्वेचाळीस. मी तिथंच मातीत बसलो.

चव्वेचाळीस म्हणजे कोण, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीस मैलांवरच्या हिरव्या जर्सीच्या कॉलेजचा, अमेरिकन फुटबॉलच्या संघातला तो किक मारणारा. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या तीन सेकंदांत त्यानं चेंडू दोन खांबांच्या मधून मारला आणि आमच्या नाकावर टिच्चून सामना नेला. तेव्हापासून आम्ही त्याला पाण्यात पाहायचो.

हिरव्यांशी सामना असतो त्या आठवड्यात आमच्या कॉलेजसमोर एक भंगार गाडी हिरवी रंगवून ठेवतात. येईल तो तिच्यावर घण घालतो आणि मन मोकळं करून घरी जातो. गाडी माझ्या यार्डातली, रंग माझा, वरची अक्षरंही माझी. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत माझं तेवढंच एक चांगलं होतं. मागच्या वर्षी माझं डोकं जरा जास्तच चाललं. मी त्या गाडीची शववाहिका केली. दोन्ही दारांवर चव्वेचाळीस, आणि पुढं बॉनेटवर सुबक अक्षरांत, ‘उनरूची अंत्ययात्रा, शनिवारी दुपारी दोन वाजता.’ लोकांची हसून पोटं दुखली. पहिला घण मानानं मला घालायला दिला. त्या शनिवारी गॅरेटची किक खांबाला लागून बाहेर गेली, आम्ही जिंकलो, आणि ती चेपलेली गाडी मी वर्षभर फाटकाशी मिरवत ठेवली. येणारे-जाणारे फोटो काढायचे. ताडपत्रीखाली होती ती हीच.

मर्विन उनरू दहाला पाच कमी असताना आला. उंच, वाळका माणूस, शाळेची बस चालवतो. आत येताना त्यानं टोपी काढून हातात धरली. माझ्या पत्र्याच्या ऑफिसात कोणी टोपी काढत नाही.

“रॉस तुम्हीच का?”

“हो. बसा ना. कॉफी घेता?”

“नको. दुपारची फेरी आहे. पोरं वाट बघत राहतील.”

मी खोकं पुढं केलं. बूट, पाण्याची बाटली, एक जाकीट, आणि कागदी पिशवीत एकावर एक बसवलेले लोण्याचे छोटे पाव. त्यानं पिशवी उघडून पाहिली.

“आईनं रविवारी भाजून दिले होते. एकसुद्धा खाल्ला नाही बघा.” मग तो खोक्यात पुन्हा चाचपत राहिला. “चेंडू ठेवायचा स्टँड नाही का सापडला? छोटासा, केशरी रंगाचा.”

“बघतो. तुम्ही बसा इथंच.”

गॅरेटच्या गाडीच्या चेपलेल्या पत्र्यात हात घालून तो स्टँड बाहेर काढायला मला दहा मिनिटं लागली. परत आलो तर ऑफिसात कोणी नव्हतं. बाहेर ताडपत्री कुंपणाला जाऊन अडकली होती, आणि मर्विन उनरू टोपी हातात धरून त्या गाडीसमोर उभा होता. बॉनेटवरची अक्षरं वर्षभर ऊन खाऊनही तशीच ठसठशीत होती.

“हे कोणी केलं?” त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“पोरांनी,” मी म्हणालो. “कॉलेजची पोरं. वांड आहेत मेली.”

“हं,” तो म्हणाला. “पोरं असतात तशी. माझ्या बसमध्ये चाळीस आहेत.”

साठी उलटलेला माणूस मी, आणि पोरांवर ढकलून मोकळा झालो. तो आत आला, कागदावर सही केली. मी पावती लिहायला घेतली आणि चौदा तारखेच्या चारवर माझा हात अडला. माझा चार वरून उघडा असतो आणि त्याच्या दांड्याला खाली डावीकडे वळलेलं शेपूट असतं. तीस वर्षं मी तो तसाच काढत आलो. फाटकावरच्या पाटीत, फोननंबरात तसे तीन आहेत. गाडीच्या दारांवर तसेच दोन-दोन होते. दुसऱ्या तऱ्हेचा चार काढावा असं मनात आलं, पण तो समोर बघत होता आणि हात आपल्याच वळणानं गेला. त्यानं पावतीची घडी करून खिशात ठेवली, स्टँड खोक्यात ठेवला आणि आभार मानून गेला.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिल न्हाव्याच्या खुर्चीत मी बसलो होतो. आमच्या कॉलेजचा रंग लाल, आणि सामन्याला जाणाऱ्या आमच्या लाल टोळीचा म्होरक्या तोच.

“रॉस, यंदा गाडी नको.”

“नकोच.”

“सामन्याआधी एक मिनिट सगळे उभे राहू. मैदानाच्या कुंपणाला मोठी पाटी लावू, हिरव्यावर पांढरा चव्वेचाळीस. त्याचे आईबापही येणारेत. पाटी तू रंगव.”

“मी नको. दुसरं कोणी बघ.”

“आता हे काय नवीन? अरे लेका, आपण मानायचो त्या पोराला. मनातून प्रेमच होतं आपलं.”

“व्हर्जिल, गेल्या वर्षी तू चार घण घातलेस त्या गाडीवर. मी मोजले होते.”

त्याची कात्री थांबली. “ती गंमत होती रे,” तो म्हणाला. “ती गाडी चेपून टाक आणि विषय संपव.”

गाडी मी त्याच दुपारी मशीनखाली घातली. विषय काही संपला नाही. पाटी शेवटी माझ्याच गळ्यात पडली, तेव्हा बाजारातून आकड्यांचा साचा आणला. साच्यातला चार कोणाच्याच हातचा नसतो. तो फळीवर ठेवला, ब्रश बुडवला, आणि मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की साचा उचलून कोपऱ्यात फेकला. दोन्ही चार माझ्या हातानं काढले, शेपटांसकट.

सामन्याच्या दिवशी मर्विन उनरू पाटीजवळ येऊन बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन टोपी काढली.

“हे माझं अक्षर आहे,” मी म्हणालो. “त्या गाडीवरचंही माझंच होतं. मी खोटं बोललो.”

“माहीत आहे. पावती लिहिलीत तेव्हाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“माझ्या मुलाच्या वस्तू तुमच्या टेबलावर होत्या,” तो म्हणाला. “मला त्या घेऊन घरी जायचं होतं.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला.

“गॅरेटच्या आईनं ती गाडी पाहिलेली नाही. ही पाटी इतकं मन लावून कोणी रंगवली, ते तिला बघायचंय. ती येतेय. तिला काही सांगू नका. सांगून तुम्हाला हलकं वाटेल, तिला नाही वाटणार.”

ती बुटकी बाई हिरवा कोट घालून घाईघाईनं आली. तिनं माझा रंग लागलेला हात दोन्ही हातांत धरला.

“तुमच्या गावानं माझ्या पोराला इतक्या मानानं वागवलं, देव तुमचं भलं करो,” ती म्हणाली. “तो म्हणायचा, तुमच्या मार्लो गावची माणसं ओरडतात फार, पण मनानं वाईट नाहीत.” तिनं पिशवीतून एक पाव काढून माझ्या हातावर ठेवला. अजून गरम होता. “निघायच्या आधीच भाजलेत. खा.”

“थँक यू,” मी म्हणालो. दुसरं काही बोलायची मला मनाई होती.

भोंगा वाजला. आमची लाल गर्दी उभी राहिली, टोप्या उतरल्या. मर्विन उनरू माझ्या एका बाजूला होता, ती दुसऱ्या. माझी टोपी बगलेत होती आणि तळहातावर पाव. तो खायचा मला धीर होईना. खाली ठेवायला जागा नव्हती, आणि ती अधूनमधून बघत होती.