आनंदी राहण्याचं शिबिर

"हसा! मोठ्यानं हसा!" शिबिराच्या बाई म्हणाल्या, आणि पहाटेची पाळी करून आलेले आम्ही चाळीस गटारवाले हात वर करून हा हा हा करायला लागलो.

गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकानं जीव दिला. दोन वर्षांतला तिसरा. म्हणून हे आनंदी राहण्याचं शिबिर. ऑफिसच्या हॉलमध्ये नाही बरं का, तिथल्या खुर्च्यांना आमचा वास लागतो. बाहेर, गाड्या धुतात तिथं.

माझा जोडीदार पार मागं बसला होता. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, तोंड कधी बंदच नसतं म्हणून. आठ दिवस झाले, रेडिओ मुका. आणि सकाळी कोरे हातमोजे माझ्या हातात कोंबले. "ठेव दादा. मला काय करायचेत?"

हातमोजे आम्हाला वर्षातून एकदा मिळतात. कोरे मोजे कुणी सख्ख्या भावालाही देत नाही.

त्याला दंडाला धरून गाडीमागं नेलं. आडवळणानं बोलणं मला जमत नाही.

"खरं सांग. जीव द्यायचं डोक्यात आहे?"

बुटांकडं बघत तो म्हणाला, "आहे."

"का रे?"

"पोरीनं शाळेत सांगितलंय, बाप वारला म्हणून. जुन्या शाळेत माझं काम कळल्यापासून वर्गातल्या पोरी तिच्याशेजारी बसत नव्हत्या. नव्या शाळेत बसतात. म्हटलं, तिला खोटं पाडायचं कशाला."

तोंडात शिवी आली. पोरीला नाही, तिच्यावर ही पाळी आणणाऱ्यांना.

"चल दवाखान्यात."

मुकादम आडवा आला. "संपल्याशिवाय कुणी हलायचं नाही. वर रिपोर्ट जातो."

"या माणसाला मरावंसं वाटतंय, साहेब."

"अरे, मग त्यासाठीच तर बाई आल्यात! बसव त्याला, हसू दे."

"आता तुम्हीच हसा आमच्या वाटणीचं," म्हटलं, आणि त्याला बाजूला सारलं.

दवाखान्यात बाकावर टेकलो तशी आधीची मंडळी एकेक करून उठली. कुणी नाकाला रुमाल लावला, कुणाला नेमका तेव्हाच फोन आला. एरवी मान खाली घातली असती. त्या दिवशी पाय पसरून बसलो.

"आडवा हो," रेडिओला म्हटलं. "एवढी जागा साहेबालाही मिळत नाही."

तो आडवा झाला, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून चक्क घोरायला लागला.

नंबर पुकारला. मी उठलो नाही. परत पुकारला. शेवटी डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी नाक धरलं नाही. त्याच्या पायांशी बाकावर बसल्या.

"सरळ विचारलंत, बरं केलंत. आता त्याला एकटं सोडायचं नाही. आम्हीही सोडणार नाही. झोप कधीपासून नाही त्याला?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागलो. सात वर्षं आम्ही एकाच डब्यात जेवतो. मला सांगता येईना.