पहिली मोटार कोणाची

आमच्या रविराजदादाला रांग ही गोष्ट कधी पटलीच नाही.

निफाडजवळ आमच्या मळ्यातल्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, आजूबाजूच्या सगळ्या द्राक्षबागांच्या पाण्याच्या मोटारी आहेत. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारी पेटी मी बनवली, नाशिकला भाड्याच्या गाळ्यात. तिच्यावर माझं नाव होतं. आधी या डीपीवरच्या सगळ्या मोटारींना एकेक बसवली. इथे चालली तर तालुकाभर विकायची, एवढंच मनात होतं.

पेटीतल्या बोर्डाला करंट मिळाला की आधी बूटलोडर, म्हणजे सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्राम, जागा होतो. केबलवरून कोणी नवा प्रोग्राम पाठवतंय का, म्हणून थोडा थांबतो, मग मोटार लावतो. हा थांबण्याचा वेळ मी मुद्दाम प्रत्येक पेटीत वेगळा ठेवला. मोटारी एकामागून एक लागल्या की डीपीवर एकदम भार येत नाही. शेवटचा नंबर आमचा ठेवला. घरचा माणूस थांबेल, असं वाटलं. भाबडीच मी!

"गावाची मोटार आधी अन् आपली शेवटी? लय शिकली तू," दादा म्हणाला.

"दादा, अर्ध्या मिनिटाचा तर फरक आहे."

"आसंना का. मागं का ऱ्हायचं?"

मी ऐकेना, तेव्हा त्याने माझ्या गाळ्यावरच्या मनोजला गाठलं आणि आमच्या पेटीतला थांबा शून्यावर आणून घेतला. अशी गोष्ट बांधावर लपते होय? शेजारच्या वाल्मीकअण्णांनी मनोजला जेवायला बोलावलं, मग बाकीच्यांनीही. मला कोणी चकार शब्द सांगितला नाही. मण्यांत पाणी भरायच्या ऐन दिवसांत एकदा लाईट आली, सगळ्या मोटारी एकदम उठल्या आणि डीपी जळाली.

गावच्या विकास सोसायटीच्या ओट्यावर सगळे जमले. "निकिताच्या पेटीनं बागा खाल्ल्या," वाल्मीकअण्णा म्हणाले. मनोज मोबाइलमध्ये बघत बसला. मी दादाकडे पाहिलं. खरं काय ते त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं.

"पोरीच्या हाती द्यायलाच नको व्हतं," दादा म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी. सगळ्यांनी पेट्या काढून टाकायचं ठरवलं. तालुक्यात आता माझ्या नावाची पेटी कोणी फुकट घेणार नाही.

घरी आल्यावर दादा खुशीत होता. "बरंच झालं. नवी डीपी आली की लोक हातानं मोटार लावतील. आपली पेटी ऱ्हाऊ दे. शून्यावरच."

मी पाना घेतला, मळ्यात गेले आणि आमची पेटी भिंतीवरून उतरवली. दादा मागे धावत आला.

"आगं, रात्री-अपरात्री लाईट आली तर मोटार लावायला कोण येईल?"

"तू," मी म्हणाले.