उभ्याने विचारलेलं

नाइतेने लुपेच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. दोन सेकंदांत गुलाबी. ताप नाही. सकाळपासून खात नाही, लाळ गळतेय. वय दीड वर्ष.

"दाढा येत असतील. घरी न्या, पाणी पाजत राहा. आणखी काही काळजी वाटते का, आजी?"

"नाही, सिस्टर. देव तुमचं भलं करो."

अकरा चाळीस. सही.

मुलांच्या तातडीच्या विभागात सव्वीस वर्षं. शेवटची नऊ नर्स प्रॅक्टिशनर म्हणून: तपासायचं, औषध लिहायचं, घरी पाठवायचं, सगळं स्वतःच्या सहीने. सकाळी सातपासूनची ही एकोणिसावी. पोटऱ्यांचे दगड झाले होते.

सव्वाबारा. आजी अजून बाहेरच्या बाकावरच.

"गाडी नाही आली?"

"येईल."

"कोण येणार?"

"कुणीतरी."

नाइते थबकली. तिची आईही असंच म्हणायची. टोंगा बेटांवरची म्हातारी माणसं हुद्देवाल्याला 'नाही' म्हणत नाहीत, त्याचं चुकलं तरी. आणि उभं राहून वरून बोलतो तो हुद्देवाला. पश्चिम सिडनीत येऊन कितीही वर्षं होवोत.

ती सरळ फरशीवर बसली, पाय दुमडून, आजीच्या नजरेखाली. टोंगन बोलीत म्हणाली,

"आजी, सकाळी काय काय झालं, सांगा ना."

"अगं ऊठ, कपडे मळतील! कुणाची गं तू?"

"हाआपाई बेटावरच्या सेमिसीची."

"अगंबाई, आपली? मला वाटलं, गोऱ्यांचीच कुणी." आजीने लुपेची हनुवटी पुसली. मग आवाज खाली आणला. "म्हाताऱ्याच्या फोटोपुढे मेणबत्ती असते, सेलवाली. सून खरी लावू देत नाही. सकाळी ती उघडी पडली होती. आतली चकती कुठे सापडेना. पण तू दाढा म्हणालीस. तू शिकलेली..."

नाइते कधी उठली, तिलाच कळलं नाही.

"कॅलम! एक्स-रे, आत्ताच्या आत्ता! बटण सेल!"

फिल्मवर छातीच्या वरच्या भागात पांढरी चकती, कडेने आणखी एक वलय. नाणं नव्हे, सेलच. खाट ऑपरेशनला पळाली. मागे राहिलेल्या आजीने नाइतेचा हात धरला.

"माफ कर हं पोरी. तुला त्रास दिला."



दोन वाजता सेल निघाला. अन्ननलिका भाजली होती. कितपत, ते उद्या कळणार होतं.

कॅलम, ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर, नोंद टाइप करत होता.

"वाचवलंस पोरीला! म्हातारीने आधीच तोंड उघडलं असतं तर..."

पडद्यावर ओळ होती : कुटुंबाने माहिती उशिरा दिली.

"सरक जरा."

नाइतेने ती ओळ पुसली. एका बोटाने, सावकाश, दुसरी लिहिली : घरी पाठवल्यावर पस्तीस मिनिटांनी परिचारिकेने नीट विचारलं, तेव्हा आजीने लगेच सांगितलं.

"अगं, चौकशी लागेल तुझ्यामागे."

"लागू दे," ती म्हणाली, आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहू लागली.